शांततेची पातळी

मंजूषा खोटं बोलते आहे हे उल्हासरावांच्या लक्षात आलं तेव्हा ते पोहे खात होते.

"संगीताकडे जाऊन येते," ती दारातून म्हणाली. "तिच्या मुलीच्या साखरपुड्याची खरेदी आहे. जेवण झाकून ठेवलंय, दुपारच्या गोळ्या वाटीत काढल्यात. मला यायला संध्याकाळ होईल."

सांगण्यात काही खोट नव्हती. खोट गळ्यात होती. मंगळसूत्र नव्हतं. हातात बांगड्या नव्हत्या, कानही मोकळे होते. साखरपुड्याच्या खरेदीला निघालेली बाई अंगावरचं सोनं घरी काढून ठेवत नाही.

उल्हासराव कुरणे निवृत्त होईपर्यंत विमा सर्वेक्षक होते. जळालेली दुकानं, घाटात कोसळलेले ट्रक, चोरीला गेलेले म्हणून दाखवलेले पंप बघण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. हाताखालच्या पोरांना ते सांगायचे, जे समोर आहे ते सगळ्यांनाच दिसतं. जे असायला पाहिजे होतं आणि नाही, ते तुम्ही बघा.

ते काठी घेऊन खिडकीशी गेले. खाली विलास आवटींची निळी गाडी उभी होती. आवटी समोरच्या इमारतीत राहायचे, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मंजूषाने इकडेतिकडे पाहिलं आणि ती पुढच्या सीटवर बसली. विश्रामबागचा चौक डावीकडे, संगीताचं घरही डावीकडे. गाडी उजवीकडे, मिरजेच्या रस्त्याला वळली.

त्यांच्या छातीत काहीतरी भरभर वर चढलं. कानशिलं तापली. आणि मग, दूध उतू जाणार एवढ्यात कुणीतरी गॅस बारीक करावा तसं ते सगळं खाली बसलं. टेबलाशी परत येईपर्यंत उल्हासराव पोह्यांत लिंबू कमी पडलंय का, याचा विचार करत होते.

हे यंत्राचं काम, हे त्यांना माहीत होतं. यंत्र त्यांनीच मागून घेतलं होतं.

मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशी डोपामीन नावाचं रसायन तयार करतात. पार्किन्सन्समध्ये त्या मरत जातात, म्हणून हात थरथरतो, पाय दारात अडकतो, चेहऱ्यावरचे भाव पुसले जातात. पण हातपाय हलवणं एवढंच डोपामीनचं काम नाही. आजूबाजूच्या हजार गोष्टींतली कुठली महत्त्वाची, तिच्यावर ते खूण करतं. ते कमी पडलं की माणसाला कशाचंच काही वाटेनासं होतं. औषधांनी जास्त झालं की नको त्या गोष्टींवर खुणा पडायला लागतात: शेजाऱ्याचं खाकरणं, फोनची रिंग, बायकोचं हसणं. आणि खुणा जमल्या की मेंदू त्यांची गोष्ट जुळवतो. त्याला ती सवयच असते.

उल्हासरावांच्या मेंदूने जुळवलेली गोष्ट आवटींची होती. दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला, सगळ्यांसमोर, त्यांनी आवटींची कॉलर धरली होती. "माझ्या बायकोला कसल्या खुणा करतोस?" आवटींच्या हातातलं आरतीचं तबक खाली पडलं. घरी आल्यावर मंजूषाच्या दिशेने काठी उगारली होती. फटका दाराच्या चौकटीवर बसला म्हणून बरं. त्यानंतर कितीतरी दिवस ती झोपायच्या खोलीला आतून कडी लावायची.

औषध कमी केलं तर अंग लाकडासारखं व्हायचं, वाढवलं तर संशय माजायचा. तेव्हा मिरजेच्या डॉ. सायरा मुजावर यांनी नवा उपाय सुचवला. मेंदूत तारा बसवून कंप थांबवायची शस्त्रक्रिया तशी जुनी. या नव्या तारा वीज सोडायच्या आणि ऐकायच्याही. खुणा करणारं पेशींचं मंडल नेहमीच्या लयीच्या वर जाऊ लागलं की छातीच्या कातडीखालचं काडेपेटीएवढं यंत्र उलट्या लयीचा हलका प्रवाह सोडायचं. किती जोराने, याच्या पाच पातळ्या होत्या. रुग्णाचा स्वतःवर भरवसा नसतो, म्हणून पातळी बदलायची सोय घरच्या माणसाच्या फोनवर दिली जायची. उल्हासरावांनी आनंदाने संमती दिली. पहिल्याच आठवड्यात ते आवटींकडे गेले आणि हात जोडून उभे राहिले. कडी लावणं थांबलं.

आणि आता मंजूषा सोनं काढून ठेवून आवटींच्या गाडीतून मिरजेला गेली होती.

संध्याकाळी ती आली ती दमून. खरेदीची एकही पिशवी हातात नव्हती. उजव्या हाताच्या पाठीवर, मनगटाच्या वर, चिकटपट्टी होती.

"काय झालं हाताला?"

"कढईचं तेल उडालं सकाळी."

सकाळी पोहे देताना हात स्वच्छ होता. आणि तेल उडालं की डाग कुठेही पडतो, असा शिरेवर नेमका पडत नाही. उल्हासराव पट्टीकडे बघत राहिले. संशय पुन्हा वर आला, पुन्हा बसला. राग टिकत नव्हता, पण पाहिलेलं मात्र लक्षात राहत होतं. मंगळसूत्र, गाडी, पट्टी. रागावाचून ते तीन दगडांसारखं पडून होतं.

दुसऱ्या दिवशी मंजूषा अंघोळीला गेल्यावर त्यांनी पुण्याला मुलीला फोन लावला.

"रिता, आई हल्ली कुठे जाते?"

ती म्हणाली, "बाबा, गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"मी आईबद्दल विचारतोय."

"हो, पण तुम्ही मागेही असंच विचारायला सुरुवात केली होतीत. आठवतंय ना? शांत बसा. मी आईशी बोलते."

शांत बसा, असं ती म्हणाली, आणि अर्ध्या तासाने ते खरोखरच फार शांत झाले. दुपारी टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, कुठेतरी पूल पडला होता, माणसं रडत होती. उल्हासराव भडंग खात ते बघत होते. एकाएकी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला त्या माणसांचं काहीच वाटत नाहीये. महिन्यापूर्वी वाटलं असतं.

त्यांना आठवलं, जाळलेल्या गोदामात गेलं की आग कुठून लागली हे शोधायच्या आधी ते पाण्याचे नळ तपासायचे. आग लावणारा माणूस ती विझू नये याचीही सोय करून ठेवतो. इथे कुणीतरी उलटं केलं होतं. आग लागायच्या आधीच पाणी सोडून ठेवलं होतं.

पुढच्या वेळी मंजूषा बाहेर पडली तशी त्यांनी रिक्षा बोलावली. दवाखान्याच्या उंबऱ्याशी पाय नेहमीसारखे जमिनीला चिकटले. पुढे आडवी काठी पडली आहे असं मनाशी धरून त्यांनी ती ओलांडली, तेव्हा ते आत गेले.

"एकटेच आलात, काका?" डॉ. मुजावर म्हणाल्या.

"यंत्र बघा माझं. कुणी हात लावलाय का सांगा."

डॉक्टरांनी छातीजवळ चकती धरली, पडदा पाहिला, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "दोनवर ठेवली होती आपण. आता चारवर आहे. आधी तीन केली, मग चार."

"कुणी?"

"काकूंच्या फोनवरून. त्यांना तो अधिकार आहे, तुम्हीच दिलाय."

"म्हणजे माझा संशय खरा होता."

"संशयाला कारण आहे, एवढंच यावरून कळतं. संशय खरा आहे की नाही, ते मला कसं कळणार?" त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "एक गोष्ट मी तेव्हा सांगितली होती, पुन्हा सांगते. यंत्राला संशय आणि काळजी यातला फरक कळत नाही. राग, भीती, दुःख, सगळ्यांची सुरुवात त्या एकाच मंडलात होते. दोनवर ते फक्त टोक कापतं. चारवर मुळापासून कापतं."

"मला आत्ता राग यायला पाहिजे ना, डॉक्टर?"

"यायला पाहिजे."

"येत नाहीये."

डॉ. मुजावरांनी चकती बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणत असाल तर कमी करायला सुरुवात करू. हक्क तुमचा आहे."

उल्हासराव विचार करत बसले. "नको," ते म्हणाले. "आज नको. कमी केलीत आणि घरी जाऊन मी काही विचारलं, तर म्हणतील आजार बोलतोय. चारवर असतानाच विचारतो. चारवरच्या माणसाला कुणी वेडा म्हणणार नाही."

मंजूषा संध्याकाळी ओट्याशी बसून लसूण सोलत होती. उल्हासराव समोरच्या खुर्चीवर बसले. आपला आवाज जुन्या कामावरचा लागला आहे हे त्यांना स्वतःलाच ऐकू आलं.

"मंजू, मुजावरांकडे जाऊन आलो. पातळी चारवर आहे, तू केलीस. संगीताच्या मुलीचा साखरपुडा नाहीये, मी तिच्या नवऱ्याला फोन केला. तुझ्या हाताला तेल उडालेलं नाही. तू आवटींबरोबर मिरजेला जातेस. मी चिडलेलो नाही, बघ माझ्याकडे. काय आहे ते सांग."

लसणाची पाकळी तिच्या हातात तशीच राहिली.

"गाठ आहे," ती म्हणाली. "डाव्या स्तनात. कर्करोगाची. तपासण्यांना सोनं काढून यायला सांगतात. पहिलं सलाईन झालं परवा. आवटींच्या बायकोचं यातच सगळं झालं होतं, कुठे जायचं, कुणाला भेटायचं त्यांना माहीत आहे. मी त्यांच्या पाया पडले, म्हटलं, यांना कळू देऊ नका."

"बरं," उल्हासराव म्हणाले. "मग डॉक्टरांचं म्हणणं काय? पुढे कसं करायचंय?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांचा चेहरा आजाराने कधीचाच दगडी झाला होता, ती त्यांचे डोळे वाचायला शिकली होती. ते डोळे आता तिच्याकडे एखाद्या फुटलेल्या टाकीकडे बघावं तसे, लक्षपूर्वक, बघत होते.

पडलेल्या दाताची जागा जिभेने चाचपावी तसं उल्हासराव आत शोधत होते. एवढ्या वर्षांची आपली बायको, तिला कर्करोग झालाय. वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. त्याचा अर्थ कळत होता. बाकी काही होत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमची भीती वाटत होती," मंजूषा म्हणाली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. "त्या सुईची नव्हती तेवढी. तिथून ओकून ओकून यायचं आणि दारात तुम्ही विचारायचं, कुणाबरोबर होतीस. ते मला झेपलं नसतं. म्हणून आधी तीन केली. मग तुम्ही माझ्या हाताकडे बघत बसलात. रिता म्हणाली, आई, चार कर."

"कमी करून घेऊ. उद्या दोघं जाऊ."

"नको ना हो. माझं होईपर्यंत तरी राहू दे."

"मंजू, तू मेलीस तरी मी असाच 'बरं' म्हणेन."

तिने सोललेला लसूण वाटीत गोळा केला. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"आणि कमी केल्यावर परत काठी उगारलीत तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. चारवरच्या माणसाला ते फार सोपं असतं. "माहीत नाही," उल्हासराव म्हणाले.

डॉ. मुजावरांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि एक बदल केला. यापुढे पातळी कुणा एकाच्या हाताने बदलणार नव्हती. एकाने मागायचं, दुसऱ्याने आपल्या फोनवर होकार द्यायचा, तेव्हाच यंत्र ऐकणार. "हे कुठल्या पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. "पण कंपनीने सोय दिली आहे. आधी तीन, मग दोन. सावकाश."

दुःख आधी आलं. एका सकाळी मंजूषा उशीवरचे केस हाताने गोळा करत होती, आवाज न करता, त्यांना जाग येऊ नये म्हणून. उल्हासराव जागेच होते. त्यांच्या तोंडातून असा काही आवाज निघाला की ती घाबरून वळली. चेहरा तसाच कोरा होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. ती म्हणाली, "आलात एकदाचे."

पण ते एकटे आले नव्हते. त्याच दाराने संशय घेणारा दुसराही आत शिरला होता. तिचा फोन वाजला की त्यांचं जेवण थांबायचं. आवटी डबा घेऊन आले की ते डब्याचं झाकण उघडून बघायचे. "कुणाचा फोन होता?" ते विचारायचे, ती सांगायची. तासाभराने ते पुन्हा विचारायचे, ती पुन्हा सांगायची. दोन्ही उत्तरं जुळतात का हे ते मनात पडताळून बघायचे, आणि आपण बघतोय याची त्यांना लाजही वाटायची. लाज वाटायला लागली म्हणजे पातळी उतरली, असं ते स्वतःलाच सांगायचे.

एकदा गॅलरीत ती रिताशी बोलत होती. ते दाराआड उभे राहिले. "बाबांना एवढ्यात सांगू नकोस," ती म्हणाली.

उल्हासरावांनी हातातला पेला भिंतीवर फेकला.

"अजून काय लपवायचंय? आवटीला सगळं ठाऊक, पोरीला ठाऊक. त्याच्याचकडे जाऊन राहा ना मग. बायको मेली तेव्हापासून वाटच बघतोय तो."

मंजूषा खाली बसली. फोनमधून रिता हाका मारत होती. उल्हासरावांचा हात काठीवर होता, आणि काठी जमिनीवरून थोडी उचललेली होती. त्यांनी ती पाहिली. दुसऱ्याच कुणाचा तरी हात असावा तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, काठी सोडून दिली आणि ती पायाने खाटेखाली ढकलली.

"गाठ लहान झालेली नाही," मंजूषा खाली बसल्या बसल्या म्हणाली. "व्हायला हवी होती. औषध बदलणार आहेत. तुम्ही नुकतं रडायला लागला होतात, म्हणून म्हटलं, चार दिवस जाऊ देत."

म्हणजे त्यांचं बरोबर होतं. ती लपवत होती. आणि बाकी सगळं चूक होतं. त्यात आजार किती आणि आपण स्वतः किती, हे उल्हासरावांना काही केल्या ठरवता येईना. ते भिंतीला धरून हळूहळू तिच्या शेजारी बसले, बसताना पडल्यासारखेच बसले.

"मला वाईट गोष्ट आधी सांगत जा," ते म्हणाले. "लपवलेलं मला दिसतं. त्याचं मी काहीही करतो. सांगितलेलं असलं तर निदान तेवढंच राहतं."

"आणि सांगूनही खरं वाटलं नाही तर?"

"तर नाही वाटलं असं म्हणेन. पेला फेकणार नाही."

"एवढं जमेल?"

"बघू."

नव्या औषधाच्या पहिल्या खेपेला ते बरोबर गेले. गाडी आवटीच चालवत होते. उल्हासराव पुढच्या सीटवर बसले होते आणि मधल्या आरशाचा कोन मागे बसलेल्या मंजूषाकडे आहे, हे त्यांनी मिरज येण्याआधीच पाहिलं होतं. ते काही बोलले नाहीत.

वॉर्डात आरामखुर्च्यांची रांग होती. मंजूषा बसली, डोक्यावरचा रुमाल नीट केला. आवटी सामान ठेवायला वाकले, तिच्या कानाशी काहीतरी बोलले आणि बाहेर गेले. ती हसली. गेल्या कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती.

उल्हासरावांच्या कानशिलांवर उष्णता चढली, आणि चढतच गेली. ती अडवायला आता कुणी नव्हतं.

"काय म्हणाला तो?"

मंजूषाचं हसू गेलं. "म्हणाले, चष्मेवाली नर्स आली तर दुसरीला बोलवा. तिचा हात जड आहे."

"मग ते कानात कशाला सांगायला पाहिजे?"

"ती मागेच उभी होती म्हणून."

त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. गेलीही असेल. नसेलही. वॉर्डाच्या दारापलीकडे आवटी येरझारा घालत होते, आणि दर खेपेला त्यांची नजर आत वळत होती.

खिशातला फोन थरथरला. मंजूषाने आपल्या फोनवरून मागणी पाठवली होती. पातळी वाढवायची आहे. होकार की नकार. त्यांनी मान वर केली. ती त्यांच्याकडे बघत होती. डोक्याला रुमाल बांधून बसलेल्या त्या बाईला नवऱ्याची भीती वाटते आहे, हे त्यांना स्पष्ट दिसलं. ते दिसणं त्यांना झोंबलं. चारवर ते झोंबलं नसतं.

थरथरणारा अंगठा एका जागी ठरायला वेळ लागला. त्यांनी नकार दिला आणि फोन पालथा ठेवला.

"खरं वाटलं नाही ना तुम्हाला?" ती हळू आवाजात म्हणाली.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. म्हणेन असं बोललो होतो, म्हणून म्हटलं. तो हात दे इकडे."

तिने मोकळा हात दिला. नर्स आली. तिला चष्मा नव्हता. यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. उल्हासरावांनी ते नोंदलं आणि बाजूला ठेवलं. सुई शिरेत गेली तशी मंजूषाची बोटं घट्ट झाली. त्यांच्या हाताच्या कंपाने तिचाही हात हलत होता. तिने तो सोडवून घेतला नाही.

दाराशी आवटींची सावली पुन्हा आली आणि पुन्हा गेली. ती त्यांना दिसली. विचारायचे प्रश्न एकामागे एक जिभेवर येत होते आणि त्यातला प्रत्येक त्यांना अगदी रास्त वाटत होता. बाटलीतला पहिला थेंब नळीत पडला.

"दुखतंय का?" उल्हासरावांनी विचारलं.

"थोडं," मंजूषा म्हणाली.

हे त्यांना खरं वाटलं.